नारिंगी फ्लॉवर आणि रंगाचे कोठार

१९७० साली कॅनडाच्या ओंटारिओ प्रांतात, टोरांटोच्या उत्तरेला असलेल्या ब्रॅडफर्ड मार्श या भागात, पांढऱ्या फ्लॉवरच्या शेतात एका झाडाला नारिंगी गड्डा धरला. फ्लॉवर जितका पांढरा तितका त्याला भाव, हा बाजाराचा जुना नियम आहे. उन्हाने गड्डा पिवळट पडू नये म्हणून भोवतालची पाने मोडून त्यावर झाकण्याची पद्धत त्यातूनच आली. अशा पिकात नारिंगी गड्डा म्हणजे खरे तर टाकून द्यायचा माल. पण तो टाकला गेला नाही. १९७५ मध्ये पीटर क्रिस्प आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या उत्परिवर्तनाचे शास्त्रीय वर्णन प्रसिद्ध केले. पुढे न्यूयॉर्क राज्यातल्या जिनिव्हा येथील कृषी संशोधन केंद्रात मायकेल डिक्सन यांनी त्यापासून स्थिर वाण तयार करून १९८८ मध्ये जाहीर केले. भाजी पैदासकारांच्या दृष्टीने गोष्ट इथे संपली असती. वनस्पतिशास्त्राच्या दृष्टीने ती इथे सुरू झाली. झाडातला पिवळा, नारिंगी किंवा तांबडा रंग किती तयार होतो एवढेच पाहून तो किती दिसेल हे सांगता येते, अशी समजूत तोवर जवळजवळ दीड शतक रूढ होती, आणि ती ढिली करण्याचे काम या गड्ड्याने केले. रंग टिकायचा तर त्याला राहायला जागा लागते. ती जागा झाड कधी, कुठे आणि किती करून देते हा प्रश्न रंग कसा बनतो या प्रश्नाइतकाच मोठा आहे, आणि तो नीट विचारायला विज्ञानाला फार उशीर झाला, असे माझे म्हणणे आहे.

उशीर का झाला, हे कळायला थोडे मागे जावे लागते. १८३१ मध्ये हाइनरिख वाकेनरोडर या जर्मन औषधशास्त्रज्ञाने गाजरातून तांबूस स्फटिक वेगळे केले, आणि गाजराच्या लॅटिन नावावरून त्या द्रव्याला कॅरोटीन म्हटले जाऊ लागले. सहा वर्षांनी बर्झेलियसने शरद ऋतूत पिवळ्या पडलेल्या पानांतले रंगद्रव्य वेगळे करून त्याला झँथोफिल हे नाव दिले. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला मिखाइल त्स्वेत याने खडूच्या भुकटीने भरलेल्या काचेच्या नळीतून पानांचा अर्क झिरपवला. नळीत एकाखाली एक रंगीत पट्टे उभे राहिले, आणि पानातला पिवळा हा एक रंग नसून कितीतरी रंगांचे कुटुंब आहे हे उघड झाले. १९०७ मध्ये विलश्टेटर यांनी कॅरोटिनाचे सूत्र काढले : ४० कार्बन, ५६ हायड्रोजन. १९३० च्या आसपास पॉल कॅरर यांनी त्या रेणूची पूर्ण रचना मांडली आणि १९३७ चे नोबेल पारितोषिक मिळवले. त्याच सुमारास टॉमस मूर यांनी प्राण्यांच्या शरीरात कॅरोटिनापासून जीवनसत्त्व अ तयार होते हे सिद्ध केले. त्यामुळे या रंगाचा प्रश्न केवळ सौंदर्याचा उरला नाही. मुलांच्या डोळ्यांशी त्याचा थेट संबंध जोडला गेला. ही सगळी मालिका रसायनशास्त्राची आहे, आणि तिच्या प्रत्येक टप्प्यावर पहिली कृती एकच : पेशी फोडायची, रंग द्रावकात उतरवायचा आणि उरलेला चोथा टाकून द्यायचा.

त्या चोथ्यात काय होते याचा अभ्यास दुसरीच माणसे करत होती. १८८० च्या दशकात आंद्रेआस शिम्पर याने सूक्ष्मदर्शकाखाली वनस्पतिपेशींतली लवके पाहून त्यांची वर्गवारी केली. पानांतली हिरवी ती हरितलवके, कंदमुळांतली रंगहीन ती अवर्णलवके, आणि फुलाफळांतली पिवळी-तांबडी ती वर्णलवके. नवे लवक शून्यातून निर्माण होत नाही, ते आधीच्या लवकाचे विभाजन होऊनच जन्मते, आणि एका प्रकारच्या लवकाचे दुसऱ्या प्रकारात रूपांतर होऊ शकते, हेही त्याच काळात मांडले गेले. कच्च्या टोमॅटोतली हरितलवके पिकताना वर्णलवके होतात. उन्हात उघडा पडलेला बटाटा हिरवा होतो तो अवर्णलवकांचे हरितलवकांत रूपांतर होते म्हणून. निरीक्षण उत्तम होते, पण त्यात रंग किती, कोणता आणि कोणत्या क्रमाने बनतो याचा हिशेब नव्हता. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाने वर्णलवकांच्या पोटातले तेलकट थेंब, तंतू, नळ्या आणि स्फटिक दाखवले. पण ते वर्णनच राहिले. रंगाची सामग्री एका विद्याशाखेकडे आणि रंगाचे घर दुसरीकडे, अशी वाटणी झाली होती.

रसायनशास्त्रज्ञांना लवके ठाऊकच नव्हती, असे मला म्हणायचे नाही. कॅरोटीन आणि झँथोफिल यांच्या कुटुंबातली सगळी रंगद्रव्ये, म्हणजे कॅरोटिनॉइड, लवकांतच बनतात हे त्यांना पक्के माहीत होते. पण माहीत असणे वेगळे आणि त्याला कारण मानणे वेगळे. १९५० मध्ये पोर्टर आणि लिंकन यांनी टोमॅटोच्या निरनिराळ्या वाणांचे संकर तपासून रंगाची एक साखळी मांडली : आधी रंगहीन पूर्वद्रव्ये, मग पायरीपायरीने पिवळे, मग तांबडे लायकोपीन. तपशील पुढे पुष्कळ बदलले, पण साखळीची कल्पना इतकी सोयीची होती की पुढची चाळीस वर्षे तिच्या एकेका कडीचे विकर शोधण्यात गेली. १९९० च्या दशकात त्या विकरांची जनुके हाती आली, आणि पहिली कडी म्हणजे फायटोइन सिंथेज हे विकरच नळाच्या चावीसारखे आहे असे दिसू लागले. टोमॅटोत त्याचे जनुक दाबले की फळ पिवळे पडे. मग उलटा प्रयोग करायचा मोह होणारच. १९९५ मध्ये फ्रे आणि सहकाऱ्यांनी टोमॅटोच्या झाडात सर्वत्र हे जनुक जोमाने चालवले, तेव्हा झाडे खुजी राहिली. कॅरोटिनॉइड ज्या कच्च्या मालापासून बनतात त्याच मालापासून जिबरेलिन हे वाढीचे संप्रेरक बनते. एका वाटेने माल ओढून घेतला की दुसरी वाट उपाशी पडते.

याच विचाराचे सर्वांत गाजलेले फळ म्हणजे सोनेरी तांदूळ. झुरिकचे इंगो पोट्रिकुस आणि फ्रायबर्गचे पीटर बायर यांच्या गटाने डॅफोडिलच्या फुलातले फायटोइन सिंथेज आणि एका जिवाणूचे दुसरे विकर भाताच्या दाण्यात घातले. जानेवारी २००० मध्ये हे काम प्रसिद्ध झाले, तेव्हा दाण्यात दर ग्रॅमला १.६ मायक्रोग्रॅम कॅरोटिनॉइड होते. रंग आला, पण फिकट. २००५ मध्ये डॅफोडिलऐवजी मक्याचे जनुक वापरल्यावर हा आकडा ३७ पर्यंत गेला. त्यानंतर या तांदळाभोवती जो वाद पेटला, फिलिपीन्समध्ये २०२१ साली मिळालेली परवानगी २०२४ मध्ये न्यायालयात अडकण्यापर्यंत, तो वेगळ्या लेखाचा विषय आहे. विकर बदलले की रंग वीस पटींहून जास्त वाढला, मग जागेचा प्रश्न आलाच कुठे, हा आक्षेप मात्र इथलाच, आणि तो वजनदार आहे. माझ्या मते या आकड्यांतून एवढेच ठरते की जिथे उत्पादनच तोकडे आहे तिथे उत्पादन वाढवल्याने फरक पडतो. भाताच्या दाण्यात ही साखळी मुळात तुटलेली होती. ती जोडणे हे पहिले काम होते आणि ते झालेही. पण साखळी शाबूत असूनही जिथे रंग दिसत नाही तिथे काय कमी असते, या प्रश्नाला तांदूळ उत्तर देऊ शकत नाही.

ते उत्तर फ्लॉवरने दिले. अमेरिकी कृषी खात्याच्या कॉर्नेल विद्यापीठातील प्रयोगशाळेत ली ली या संशोधिकेने नारिंगी गड्ड्यावर काम सुरू केले, तेव्हा बहुतेकांची अपेक्षा सरळ होती : साखळीतले एखादे विकर बेसुमार चालू झाले असणार. २००१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या मोजमापांनी ती अपेक्षा खोटी ठरवली. नारिंगी गड्ड्यात बीटा-कॅरोटीन पांढऱ्याच्या कित्येकशे पट होते, पण ते बनवणाऱ्या जनुकांच्या कामात म्हणावा असा फरक नव्हता. पाने नेहमीसारखी हिरवीच होती. रंग साठला होता तो गड्ड्यात, दांड्याच्या गाभ्यात आणि पानांच्या बुडाशी, म्हणजे एरवी जिथे रंगहीन लवके असतात नेमका तिथे. सूक्ष्मदर्शकाने पुढचा भाग सांगितला. पांढऱ्या गड्ड्याच्या पेशीत अनेक लहान रंगहीन लवके दिसतात. नारिंगी गड्ड्याच्या पेशीत मात्र एक किंवा दोनच मोठी वर्णलवके, पोटात गुंडाळलेल्या पडद्यांचे आणि पत्र्यांचे थर घेऊन बसलेली. २००६ मध्ये जनुक सापडले. ४,००० हून अधिक अक्षरांचा एक उडता जनुकीय तुकडा त्यात घुसून बसला होता. या जनुकाला गड्ड्याच्या रंगावरूनच ऑरेंज म्हटले जाते. त्याचे प्रथिन रंगाच्या साखळीतली एकही पायरी करत नाही. ते इतर प्रथिनांची घडी सांभाळणाऱ्या मदतनीस प्रथिनांच्या घराण्यातले आहे. हेच बदललेले जनुक बटाट्यात घातले, तेव्हा पांढऱ्या गराचा बटाटा पिवळसर नारिंगी झाला आणि त्याच्या पेशींत वर्णलवके दिसू लागली. असे बटाटे शीतगृहात महिनोन्महिने ठेवले तरी त्यांतले कॅरोटिनॉइड वाढतच राहिले. साध्या बटाट्यांत तसे झाले नाही.

कणगीच नसेल तर खळ्यावरचे धान्य पाखरे नेतात, तसा हा प्रकार आहे. कॅरोटिनॉइड पाण्यात विरघळत नाहीत. मोकळे राहिले तर ऑक्सिजनने, प्रकाशाने आणि झाडाच्याच काही विकरांनी ते मोडत जातात. पानांत ते हरितलवकाच्या पडद्यांत प्रथिनांना चिकटून असतात आणि तिथे त्यांचे काम शोभेचे नसून संरक्षणाचे असते. फायटोइनच्या पुढची पायरी अडवणारे तणनाशक फवारले तर पान पांढरे पडते, कारण कॅरोटिनॉइडचे कवच नसले की हरितद्रव्य प्रखर उजेडात स्वतःलाच जाळून घेते. पण जिथे हरितलवके नाहीत, म्हणजे गड्ड्यात, कंदात, गरात, तिथे साठवणीसाठी वेगळी रचना उभारावी लागते. ती नसेल तर साखळीतून थोडाफार रंग निघत राहतो आणि नाहीसा होत राहतो. बाहेरून पाहणाऱ्याला भाजी पांढरी दिसते आणि तो म्हणतो की इथे रंग बनतच नाही.

याला उलट बाजूचा पुरावाही फ्लॉवरमध्येच मिळाला, आणि मला तो सर्वांत बोलका वाटतो. फ्लॉवरचा जांभळा प्रकारही असतो. त्याचे मूळ ली ली यांच्याच प्रयोगशाळेने २०१० मध्ये उलगडले. तिथे साखळीतल्या अनेक विकरांना एकदम जागे करणारे एक नियामक जनुक चालू झालेले होते, म्हणजे सगळा मामला उत्पादनाचा. जांभळे अँथोसायानिन पाण्यात विरघळते आणि पेशीच्या रसाने भरलेल्या मोठ्या पोकळीत, रिक्तिकेत, जाऊन बसते. ती पोकळी पेशीत आधीपासून असतेच, नवी जागा करायला नको. म्हणूनच जांभळा फ्लॉवर उकडला की पाणी रंगते आणि नारिंगी उकडला तर रंग भाजीतच राहतो. २०२१ च्या सुमारास नाशिक जिल्ह्यातल्या मालेगाव तालुक्यात पिवळा आणि जांभळा फ्लॉवर पिकल्याच्या बातम्या झळकल्या. तेव्हा दोन्ही गड्डे एकाच नवलाईचे दोन नमुने म्हणून शेजारी ठेवले गेले. दिल्लीच्या भारतीय कृषी संशोधन संस्थेने काढलेला ‘पुसा बीटा केसरी १’ हा केशरी वाणही याच कॅरोटिनॉइडच्या बाजूला बसतो. त्यात दर ग्रॅमला ८ ते १० मायक्रोग्रॅम बीटा-कॅरोटीन असते. एकाच भाजीत दोन रंग, आणि ते येण्याच्या दोन अगदी निराळ्या तऱ्हा.

आता गंभीर आक्षेपांकडे वळू. पहिला २०१५ मध्ये उभा राहिला, आणि गंमत म्हणजे ऑरेंजच्याच अभ्यासकांनी तो पुढे आणला. हे प्रथिन फायटोइन सिंथेजला, म्हणजे साखळीच्या त्याच पहिल्या कडीला, बिलगून राहते, ते मोडू देत नाही आणि त्याला कामासाठी सक्षम ठेवते असे सिद्ध झाले. मग ऑरेंज ही जागेची नव्हे, उत्पादनाचीच किल्ली ठरत नाही का? हा आक्षेप निकालात निघतो तो खरबुजामुळे. त्याच वर्षी इस्रायलच्या संशोधकांनी दाखवले की खरबुजाचा गर पांढरा-हिरवा राहणार की नारिंगी होणार हे याच जनुकातल्या एका अक्षराने ठरते. प्रथिनात एका ठिकाणी आर्जिनिन या अमिनो आम्लाऐवजी हिस्टिडिन आले की गर नारिंगी. आता पाहा : साधे प्रथिन आणि हिस्टिडिनवाले प्रथिन, दोन्ही फायटोइन सिंथेजला सारखेच सांभाळतात. फरक पुढे पडतो. हिस्टिडिनवाले प्रथिन असेल तरच वर्णलवके घडतात, आणि बीटा-कॅरोटीन पुढच्या पायरीवर जाऊन दुसऱ्या द्रव्यात बदलण्याऐवजी तिथेच साठते. म्हणजे एकच प्रथिन दोन कामे करते आणि रंग ठरतो तो दुसऱ्या कामाने. तरीही आक्षेपातला अर्धा भाग मी मान्य करतो. उत्पादन आणि साठवण ही दोन खाती माणसांनी पाडली. झाडाने एकाच प्रथिनाकडे दोन्ही सोपवून ठेवली आहेत.

दुसरा आक्षेप याहून अवघड आहे. जागा हे कारण की परिणाम? रंग भरपूर बनला म्हणून लवक बदलले, की लवक बदलले म्हणून रंग साठला? बायर यांच्याच गटाने २००९ मध्ये दाखवले की पांढऱ्या गाजराच्या मुळांत आणि थाले क्रेस या छोट्या प्रयोगवनस्पतीच्या पेशींत फायटोइन सिंथेज जोरात चालवले तर कॅरोटीनचे स्फटिक आपोआप तयार होतात, आधी वेगळे कोठार बांधावे लागत नाही. २०२० मध्ये बार्सेलोनाच्या मानुएल रोद्रिगेस-कोन्सेप्सिओन यांच्या गटाने त्याहून धीट प्रयोग केला. तंबाखूच्या एका रानटी भाऊबंदाच्या हिरव्या पानांत त्यांनी जिवाणूचे फायटोइन बनवणारे विकर घातले, आणि काही दिवसांतच पानाचा तो भाग पिवळा पडून त्यातली हरितलवके वर्णलवकांसारखी झाली. हे पाहून कुणी म्हणेल की उत्पादनच खरा मालक आहे. पण त्या प्रयोगाचा तपशील वाचला की चित्र पालटते. फायटोइन एका मर्यादेपलीकडे गेल्यावर आधी हरितलवकाने प्रकाशसंश्लेषणाची ओळख सोडली, आणि त्यानंतर रंगाचा खरा पूर आला. आपली घडण सोडायला तयार झालेले लवक नसते तर पुढचा साठा झाला नसता. उत्पादन लवकाला इशारा देते आणि बदललेले लवक उत्पादनाला वाव देते. यात आधी कोण, हा प्रश्न अवयवागणिक वेगळे उत्तर मागतो. गाजरात पहिला धक्का बहुधा उत्पादनाकडून येतो, फ्लॉवर आणि खरबुजात लवकाकडून. माझा मूळ मुद्दा त्यामुळे थोडा मवाळ होतो, पण मोडत नाही.

टोमॅटोचा इतिहास याच मुद्द्याला दुसऱ्या दिशेने येऊन भिडतो, आणि त्यात नकळत झालेले नुकसानही आहे. १९१७ मध्ये अमेरिकेत न्यू जर्सीतल्या रिव्हरटन येथे, कॅम्पबेल सूप कंपनीच्या मळ्यात, गडद रंगाचे एक उत्परिवर्तित झाड सापडले. त्याच्या फळांत रंगद्रव्ये ठळकपणे जास्त होती. बरीच दशके त्याचे नाव फक्त ‘उच्च रंगद्रव्य’ असे राहिले. कारण कळले ते थेट २००४ मध्ये : प्रकाशाला प्रतिसाद देण्यावरचा एक लगाम सैल झाला होता, आणि फळांच्या पेशींत लवकांची संख्या आणि आकार दोन्ही वाढले होते. झाडे ठेंगणी आणि कुडी ठिसूळ असल्याने शेतात ते फारसे टिकले नाही. शेतात टिकले ते नेमके उलटे झाड. देठाजवळचे हिरवे खांदे पैदासकारांना नकोसे होते. त्यामुळे फळ पिकले की नाही हे तोडणाऱ्याला ओळखू येत नसे. कच्चे असताना सगळीकडे सारखे फिकट हिरवे दिसणारे टोमॅटो त्यांनी सत्तरहून अधिक वर्षे निवडून लावले. २०१२ मध्ये अ‍ॅन पॉवेल आणि सहकाऱ्यांनी दाखवले की या निवडीत फळाची हरितलवके घडवणारे एक जनुकच निकामी झाले होते. साखर कमी, लायकोपीन कमी. पैदासकार निवडत होते पिकण्याची सोय, आणि त्यांच्या नजरेआड जात होती साठवणीची जागा. रंगाच्या साखळीतल्या एकाही जनुकाला त्यांनी हात लावला नव्हता.

नारिंगी फ्लॉवरलाही स्वतःची एक किंमत आहे, आणि ती सुरुवातीपासून दिसत होती. बदललेल्या जनुकाची एक प्रत असेल तर गड्डा चांगला भरतो आणि नारिंगी होतो. दोन्ही प्रती बदललेल्या असतील तर रंग गडद, पण झाड खुरटे आणि गड्डा लहान. म्हणून बाजारात येणारे नारिंगी वाण बहुतेक संकरित असतात. पेशीत एक-दोनच वर्णलवके का, हे कोडेही तेव्हापासूनचे. त्याचा उलगडा २०२० मध्ये झाला. खरबुजातल्यासारखे हिस्टिडिनवाले प्रथिन लवकांच्या विभाजनाचे ठिकाण ठरवणाऱ्या एका प्रथिनाला पकडून ठेवते. लवक रंगाने भरते, फुगते, पण दुभंगत नाही. ज्या प्रथिनाने कोठार उघडून दिले त्यानेच कोठारांची संख्या रोखून धरली आहे. विभाजनाला चालना देणाऱ्या घटकाची मात्रा संशोधकांनी प्रयोगवनस्पतीत वाढवली, तेव्हा वर्णलवकेही वाढली आणि कॅरोटिनॉइडही. रंगाच्या साखळीला त्यासाठी कुणी धक्का लावला नव्हता.